ढोबळ अश्वशक्ती, बनावट बिल्ले

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. तो डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो, मोटार उद्योगातच नोकरीला आहे आणि एरवी पन्नास डॉलरच्या वस्तूसाठीही चार दुकाने फिरतो. तो म्हणाला, "मामा, घरावर कर्ज काढून १९७० ची शेव्हरोले शेवेल गाडी घेतोय, तुम्ही फक्त एकदा बघायला या." असे काय घडले म्हणून विचारले, तेव्हा त्याने इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहांत फिरणारा एक लांबलचक मजकूर पाठवला. तोच मजकूर मला त्याआधी तिघांकडून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला होता. वेळीच वाचून उत्तर दिले असते तर भाचा बँकेच्या दारापर्यंत गेला नसता, म्हणून हा खटाटोप.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. साठच्या दशकातील अमेरिकन मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्यात मोठे व्ही-८ इंजिन बसवलेल्या गाड्या, आजच्या कोणत्याही गाडीपेक्षा वेगवान होत्या. १९७२ साली सरकारने एका रात्रीत त्यांची अश्वशक्ती कापली आणि १९७३ च्या तेलटंचाईने त्यांचा जीव घेतला. गाडी जितकी वेगवान तितकी तिची किंमत जास्त. आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत : बिल्ला पाहा, इंजिन पाहा, डोळे मिटून घ्या, १९७४ साली ६,००० डॉलरला घेतलेली मस्टँग २०२० साली ३७ लाख डॉलरला गेली, सोनेही इतके वाढले नाही.

अश्वशक्ती कापल्याच्या कथेपासून सुरुवात करतो, कारण हे आकडे कोणालाही घरबसल्या पडताळता येतात. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' म्हणजे ढोबळ अश्वशक्ती छापत असत. इंजिन गाडीतून बाहेर काढून चाचणीच्या चौकटीवर बसवायचे, त्यावर एअर फिल्टर नाही, पंखा आणि अल्टरनेटरचा भार नाही, गाडीचा नेहमीचा सायलेन्सर नाही, आणि अशा मोकळ्या स्थितीत जो आकडा मिळेल तो जाहिरातीत टाकायचा. १९७२ पासून 'नेट' म्हणजे निव्वळ अश्वशक्ती छापली जाऊ लागली, जी ही सगळी ओझी अंगावर घेऊन मोजली जाते. पगारपत्रकावरचा ढोबळ पगार आणि हातात पडणारा पगार यांतला फरक ज्याला कळतो त्याला हे सांगायची गरज पडू नये, पण मजकूर लिहिणाऱ्याने १९७० चा ढोबळ पगार आणि १९७२ चा हातात पडलेला पगार शेजारी ठेवून चोरी झाल्याची आरोळी ठोकली आहे.

जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलांसाठी दोन्ही आकडे जाहीर केले होते, आणि माझ्या मते तेवढ्या एका वर्षाच्या आकड्यांवर हा वाद मिटतो. कॉर्व्हेटचे एलटी-१ इंजिन घ्या. १९७० साली त्याची ढोबळ अश्वशक्ती ३७० होती. १९७१ साली ती ३३० झाली, आणि त्याच वर्षी त्याच इंजिनाचा निव्वळ आकडा २७५ होता. १९७२ साली निव्वळ २५५. म्हणजे मजकुरात जी ११५ ची 'कपात' दाखवली आहे तिच्यातील ५५ अश्वशक्ती इंजिनातून कुठेही गेलेली नव्हती, फक्त मोजमाप बदलले होते. क्रायस्लरच्या प्रसिद्ध ४२६ हेमी इंजिनाचेही (४२६ हा क्युबिक इंचांतला आकार) तेच : १९७१ साली ढोबळ ४२५, निव्वळ ३५०, आणि इंजिन एकच.

उरलेली घट मात्र खरी आहे, हे मान्य करायला हवे. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावे म्हणून जनरल मोटर्सने १९७१ साली इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण किती पट दाबायचे ते प्रमाण, उतरवले. एलटी-१ चे ११ वरून ९ वर आले, आणि ३७० चे ३३० त्यामुळे झाले. आणखी एक अर्धसत्य मजकुराच्या पदरात टाकतो, कारण ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काही इंजिनांचे छापील आकडे मुद्दाम कमी ठेवलेले होते, विमा कंपन्यांची नजर चुकवायला आणि ड्रॅग म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीत सोयीचा वर्ग मिळावा म्हणून. फोर्डचे ४२८ कोब्रा जेट ३३५ अश्वशक्तीचे आहे यावर त्या काळीही जाणकारांपैकी कोणी विश्वास ठेवत नव्हते. पण यातून निष्कर्ष एवढाच निघतो की त्या काळचा छापील आकडा दोन्ही बाजूंनी फसवा होता, आणि मजकूर तर त्याच आकड्यांवर उभा आहे.

तेलटंचाईचा मुद्दा एका वाक्यात संपतो. अरब देशांची तेलबंदी ऑक्टोबर १९७३ मधली आणि हेमीचे शेवटचे मॉडेल १९७१ चे. या गाड्यांचे कंबरडे आधीच तरुण चालकांवरच्या विम्याच्या जबर हप्त्यांनी आणि १९७० च्या हवाशुद्धी कायद्याने मोडले होते.

आता वेगाकडे वळू. मजकुरातील सर्वांत हास्यास्पद वाक्य असे की १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ४.६ सेकंदांत ताशी ६० मैलांचा वेग गाठत असे. हा आकडा हवेतला नाही, मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकात तो खरोखर छापून आला होता. फक्त ज्या गाडीची चाचणी झाली तिच्यात गिऱ्हाइकाला मिळणारे ३८९ क्युबिक इंचांचे इंजिन नव्हतेच. पॉन्टिॲकच्या मंडळींनी त्या जागी ४२१ क्युबिक इंचांचे इंजिन बसवून गाडी मासिकाच्या हाती दिली होती. पॉन्टिॲकच्या जाहिरातींमागचे डोके असलेल्या जिम वँगर्स यांनी पुढे कित्येक वर्षांनी हे स्वतःच कबूल केले. ज्याने फसवणूक केली त्याने ती मान्य करूनही साठ वर्षांनंतर तोच आकडा आमच्या समूहांत हात जोडलेल्या चिन्हासह फिरतो आहे.

खऱ्या गाड्यांचे पाहू. भाच्याला हवी असलेली शेवेल एसएस ४५४ (एसएस ही शेवेलची ताकदवान आवृत्ती), तिच्यात सर्वांत वरचे एलएस-६ इंजिन असेल तर, ४५० ढोबळ अश्वशक्तीची; १९७० साली रस्त्यावरच्या गाड्यांत याहून मोठा आकडा छापलेली गाडी मिळणे कठीण. त्या काळच्या चाचण्यांत ती पाव मैल साडेतेरा सेकंदांच्या आगेमागे कापत असे आणि ताशी ६० मैल गाठायला तिला सहा सेकंदांच्या आसपास वेळ लागे. अलीकडची टोयोटा कॅम्री व्ही-६, जिच्यातून आपण मुलांना रविवारी मराठी शाळेत सोडतो, ३०१ निव्वळ अश्वशक्तीची आहे आणि ६० मैलांचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठते. पाव मैलाच्या टोकाला शेवेल पुढे असेल, हे मान्य. तिचे अरुंद बायस-प्लाय टायर ती ताकद रस्त्यावर उतरवूच शकत नव्हते आणि आजचे टायर घातले तर तीच गाडी लक्षणीय वेगाने निघते, हेही मान्य. पण "आजच्या कोणत्याही गाडीपेक्षा" हे शब्द कॅम्रीसमोर डळमळत असतील, तर ज्या गाडीची पाव मैलाची वेळ ९.६५ सेकंद नोंदली गेली त्या २०१८ च्या डॉज डेमनसमोर त्यांचे काय होईल, ते लिहायला नको. थांबण्याबद्दल आणि वळण्याबद्दल तर मजकुरात अवाक्षर नाही. यातल्या कित्येक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत, हे वाचून लेखकाचा उत्साह कदाचित ओसरला असता.

मला या गाड्या आवडत नाहीत असा समज होऊ नये. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर त्यांची रांग लागते, तेव्हा मी खुर्ची घेऊन सकाळपासून बसलेला असतो आणि मोठ्या व्ही-८ चा तो अडखळता, छातीत घुमणारा आवाज ऐकायला वर्षभर थांबतो. पण आवडणे वेगळे आणि घर गहाण टाकणे वेगळे.

'जितकी वेगवान तितकी महाग' हा नियम मोडायला दोन उदाहरणे पुरतात. १९७० ची ब्यूइक जीएसएक्स स्टेज-१ पाव मैलाला हेमी इंजिनाच्या प्लिमथ कुडाच्या तोडीस तोड होती. त्या वर्षी जीएसएक्स सगळ्या मिळून ६७८ बनल्या आणि पक्क्या छपराच्या हेमी कुडा ६५२. वेग जवळपास तोच, दुर्मिळता जवळपास तीच, तरी भावात ब्यूइक कुडाच्या पुष्कळ खाली राहते, कारण 'हेमी' या शब्दाला जे वलय आहे ते ब्यूइकला कधी मिळाले नाही. उलट, कापडी छपराची कुडा अधिक जड, म्हणून पक्क्या छपराच्या कुडापेक्षा काकणभर संथच. पण १९७१ साली हेमी इंजिनाच्या अशा गाड्या जेमतेम डझनभर बनल्या आणि त्यांतली चार गिअरची एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

३७ लाखांची ती मस्टँगही याच रांगेतली. ती १९६८ ची मस्टँग जीटी ३९०. त्याच वर्षी आलेल्या ४२८ कोब्रा जेटच्या मस्टँगपेक्षा हळू. तिला ३४ लाखांची बोली लागली आणि लिलावाचे दहा टक्के धरून आकडा ३७ लाख ४० हजारांवर गेला, कारण ती हॉलिवूडचा अभिनेता स्टीव्ह मॅक्क्वीनच्या गाजलेल्या चित्रपटातील प्रत्यक्ष गाडी होती आणि ती आपल्याला परत विकावी म्हणून मॅक्क्वीनने १९७७ साली लिहिलेले पत्र मालकांकडे जपून ठेवलेले होते. तिच्या शेजारी त्याच कारखान्यातून निघालेली, त्याच रंगाची मस्टँग आजही तिच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. या एका गाडीवरून सगळ्या जुन्या मस्टँगांचा भाव ठरवणे म्हणजे तेंडुलकरांची बॅट लिलावात कितीला गेली त्यावरून माळ्यावरच्या बॅटची किंमत काढण्यासारखे आहे. शिवाय भाव नेहमी चढतातच असेही नाही. २००६ च्या सुमारास हेमी गाड्यांचे भाव आभाळाला टेकले होते आणि त्यानंतरच्या मंदीत ते सपाटून आपटले. त्या वेळी कर्ज काढून घेतलेल्यांना कित्येक वर्षे मुद्दलही दिसले नाही.

'बिल्ला पाहा, डोळे मिटून घ्या' या सल्ल्यावर मात्र मला मनापासून संताप आहे, कारण बाकीची वाक्ये अज्ञानातून आली असतील, या वाक्याने माणूस बुडतो. एसएसचा बिल्ला आज कोणालाही टपालाने मागवता येतो. बॉनेटवरचे पट्टे, काळी जाळी, गोल घड्याळांचा डॅशबोर्ड, सगळे नवे बनवून मिळते. मालिबू या शेवेलच्याच साध्या आवृत्तीला हा साज चढवून एसएस म्हणून उभे करणे इतके सोपे आहे की अशा गाड्यांना 'क्लोन' हा शब्दच रूढ झाला आहे. क्लोन म्हणून सांगून विकली तर तक्रार नाही. पण अस्सल आणि क्लोन यांच्या किमतीत घराच्या हप्त्यांइतके अंतर असते.

शेवेलच्या बाबतीत धोका अधिकच मोठा आहे. १९६६ ते १९६८ पर्यंत एसएस ३९६ ही वेगळी मालिका होती आणि गाडीच्या ओळख क्रमांकाच्या सुरुवातीचे १३८ हे आकडे ते सांगत. १९६९ पासून एसएस हा फक्त पर्यायांचा संच झाला, त्यामुळे १९७० च्या एसएस ४५४ चा आणि साध्या व्ही-८ मालिबूचा क्रमांक १३६ नेच सुरू होतो. क्रायस्लरच्या १९७०-७१ च्या गाडीत ओळख क्रमांकाचे पाचवे अक्षर 'आर' असले की हेमी. फोर्डचा १९६७ पासूनचा कारखान्याचा तपशील मार्टी अहवालात पैसे भरून मिळतो. पॉन्टिॲकची कागदपत्रेही मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेवेलसाठी असे काही नाही. तिथे कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचे त्याचा कागद, जो नशिबाने पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो, मूळ विक्रीचे कागद आणि धातूवर ठोकलेले आकडे, एवढ्यावरच भिस्त.

भाच्याबरोबर गाडी बघायला गेलो. विक्रेता गोड बोलणारा होता आणि गाडी आरशासारखी चकाकत होती. जाहिरातीत 'नंबर्स मॅचिंग' लिहिले होते, म्हणजे गाडी जन्मली तेव्हाचेच इंजिन आजही तिच्यात आहे असा दावा. मी टॉर्च घेऊन वाकलो. इंजिनाच्या पुढच्या अंगाला ज्या सपाट जागेवर इंजिनाचा संकेत आणि गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो, ती जागा ताजी घासून गुळगुळीत केलेली होती. बॉनेटखालच्या भिंतीवरच्या पट्टीनुसार बॉडी नोव्हेंबर १९६९ च्या तिसऱ्या आठवड्यातली, आणि इंजिनाच्या ब्लॉकवरची ओतकामाची तारीख फेब्रुवारीतली. बारसे आधी आणि बाळाचा जन्म तीन महिन्यांनी. मागच्या ॲक्सलच्या झाकणाला बारा बोल्ट असायला हवे होते, ते दहा निघाले. बिल्ड शीट कुठे आहे म्हणून विचारले तर, "तो उंदरांनी खाल्ला." उंदरांनी नेमका तेवढाच कागद खाल्ला होता, बाकीची बिले फायलीत व्यवस्थित लावलेली होती.

भाचा परतीच्या वाटेवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण मामा, आवाज अस्सल होता." होताच; ४५४ इंजिन खरेच होते, फक्त त्या गाडीचे नव्हते. मालिबूच्या भावात मिळाली असती तर मीच त्याला घे म्हणालो असतो.

दोन आठवड्यांनी तीच जाहिरात पुन्हा दिसली. किंमत तीच होती, छायाचित्रे तीच होती, फक्त 'नंबर्स मॅचिंग' हे दोन शब्द गेले होते.