थवा उडवू नका, भोवत्याची वाट बघा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात गेलात की पक्षी बघायच्या मनोऱ्यावर गाईडला उद्देशून एक वाक्य हमखास कानावर येतं. "दादा, जरा उडवा ना थवा, फ्लाइट शॉट पाहिजे." मग कुणी टाळ्या वाजवतं, कुणी थेट पाण्याकडे चालू लागतं. थापटे, तलवार बदकं, भिवई बदकं सगळी एकदम उठतात आणि कॅमेरे धडाधड चालतात. मला याचा मनापासून राग येतो. गाईडवर नाही, त्या बिचाऱ्याचं पोट पाहुण्यांच्या खुशीवर आहे. राग मागणी करणाऱ्यांवर आहे.

ही बदकं मध्य आशिया, सायबेरियाकडून आलेली असतात. त्यातली बरीचशी रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावा घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत निघायचं तर अंगावर चरबी हवी, तेच त्यांचं इंधन. आपल्या एका फोटोसाठी ते जाळायचं?

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साठला, आणि त्या गाळाच्या उथळ पाण्यामुळेच इथे पक्षी येऊ लागले. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच मना आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

आणि उडता थवा हवाच असेल तर तो मिळतोच की! दलदली भोवत्या, म्हणजे पाणपक्ष्यांवर झडप घालणारा शिकारी पक्षी, पाणकणसावरून अगदी खालून तरंगत येतो, तेव्हा आधी चांदवे, म्हणजे ते काळे पाणपक्षी, एकमेकांना चिकटून गोळा होतात, मग बदकांच्या माना ताठ होतात. म्हणजे थवा आता उठणार. तेवढ्यात शटर १/२००० सेकंदावर, सूर्य पाठीशी, आणि बोट तयार. कैकर हा दुसरा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला तर मात्र बदकं फारशी हलत नाहीत. तो जवळपास फक्त मासेच खातो, हे त्यांना पक्कं कळतं. ही ओळख बघायला मिळणं मला कुठल्याही फ्लाइट शॉटपेक्षा मोठं वाटतं. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्सला काहीच धारदार मिळत नाही.

फोटोग्राफीचे ग्रुप चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. थव्याच्या फोटोला शाबासकी देण्याआधी एवढंच विचारा, थवा उठला कशाने? उत्तर मिळालं नाही तर तो फोटो ग्रुपवर घेऊ नका.

शांत बसलेल्या पक्ष्यांचे फोटो नीरस म्हणून डिलीट करू नका. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिथे दाटीवाटीने बसलेला थवा मोजायला असेच फोटो कामी येतात. उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला किंवा इथे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पाहुणे पक्षी, दिसले तर त्यांच्या माना नीट बघा. मंगोलियात काही पट्टकादंबांच्या गळ्यात संशोधकांनी अक्षरं-आकडे लिहिलेल्या कॉलर घातल्या आहेत. तशी कॉलर दिसली तर ती वाचता येईल असा फोटो काढा, तारीख आणि जागेसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. पण ती वाचता येते ती निवांत उभ्या असलेल्या पक्ष्याच्या मानेवर, उडवलेल्या थव्यात नाही.