पॉलिसी आहे ना? मग खुशाल खचा

मन ठिकाणावर नसेल तर घाबरू नका, तुमच्याकडे आरोग्य विमा आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 21(4) सांगतं की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं. ऑगस्ट 2018 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना हे कळवलं, ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावलं. पहिल्या वेळी कंपन्यांनी ते किती मनावर घेतलं असेल, बघा.

आता नेटवर्क हॉस्पिटल्सची, म्हणजे कंपनीशी करार असलेल्यांची, यादी उघडा. मोतीबिंदू, मूतखडा, प्रसूती, गुडघे, पुन्हा मोतीबिंदू. नाउमेद व्हायचं नाही. एखादं 'मल्टिस्पेशालिटी' दिसलं की फोन लावा. पलीकडून उत्तर येईल, "सायकॅट्रिस्ट ना? बुधवारी यायचे. आता नाही येत." यादीत नाव मात्र आहे, आणि कॅशलेस तर आहेच आहे.

कुणी ओळखीतला चांगला डॉक्टर सुचवला तर मोह आवरा. हॉस्पिटल म्हणजे छोट्या गावात किमान 10 आणि मोठ्या शहरात किमान 15 खाटा, असं पॉलिसीतच लिहिलंय. त्या बिचाऱ्याकडे दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा! म्हणे दर आठवड्याला तासभर बोलून माणसं बरी करतो. पण अशा बोलण्याला ओपीडी म्हणतात, आणि बहुतेक पॉलिसींत ओपीडी बसत नाही. वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण, घ्यायला हवा होतात. एजंटनं सांगितलं नाही? मग तुम्ही विचारायचं होतं.

2024 पासून नेटवर्कबाहेरही कॅशलेस मिळतं, फक्त ठरवून दाखल होणार असाल तर 48 तास आधी कळवायचं. म्हणजे सोमवारी कोसळायचा बेत असेल तर शनिवारीच मेल टाकून ठेवा. अचानक कोसळलात तर दाखल झाल्यावर 48 तासांची सवलत आहे. हात थरथरत असताना फॉर्म भरायचा सराव तेवढा आधी करून ठेवा.

गोळ्या पॉलिसीच्या आधीपासून चालू असतील तर फॉर्मवर तसं खरं लिहा. प्रीमियम वाढेल किंवा प्रस्तावच परत येईल. खोटं लिहिलंत तर क्लेम जाईल. खरं लिहूनही पॉलिसी मिळालीच, तर जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नैराश्याला तेवढं समजावून सांगा.

(मानसिक त्रासात बोलायला सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट. क्लेम नाही, कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारा टीपीए नाही, खाटा मोजणं नाही. तुम्ही इतका प्रीमियम भरलाय, तुम्हाला असलं फुकटचं कसं चालेल?)

तेव्हा खरा उपाय एकच. झोप उडाली, कामावर जाववत नाही, एवढ्याशानं डॉक्टर गाठू नका. दाखल करण्याइतकं बिघडू द्या. मग 24 तासांहून जास्त ॲडमिट राहा, डिस्चार्ज समरी घ्या, सगळी बिलं मूळ प्रतीत जोडा आणि टीपीएच्या पत्राची वाट पाहा. ते येतंच. 'सदर रुग्णावर ओपीडीत उपचार करणे शक्य होते. दाखल करण्याची आवश्यकता दिसून येत नाही. क्लेम नामंजूर.'