जर्मन शून्य

गावात आता कोणीही भेटलं की रामराम नंतर, आधी प्रश्न. "मास्तर, भेटला का युरिया?" चार दिवस झाले. काल तर पोस्टमननंही विचारलं. मी हसतो, कारण आपण हसलो नाही की लोक जास्तच हसतात.

झालं ते असं. भाच्याची सोयरीक जमायच्या बेतात होती, दिग्रसला जायचं होतं, आणि पुण्याचे साडभाऊ त्यांची जर्मन गाडी घेऊन आले होते. "मुलीकडच्यांवर जरा छाप पडते," बायको म्हणाली. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. लिहिलं तर साडभाऊ बोलणं टाकतील, आणि त्यांच्याही आधी माझी बायको. दारव्हा तालुक्यातले खड्डे पाहून साडभाऊंनी गाडी माझ्या हाती दिली आणि स्वतः मागं बसले. वाटेत एका गावात नारळ घ्यायला थांबलो. गाडी बंद केली, नारळ घेतलं, येऊन बटण दाबलं. पडद्यावर एक निळं चिन्ह आलं, खाली इंग्रजीत एक वाक्य, आणि पुढं काही नाही.

इथपर्यंत हे कोणाच्याही नशिबी येऊ शकतं. पण मी गाडी उभी केली होती कृषी केंद्रासमोर. ऑगस्टचा पहिला आठवडा, आणि त्याच दिवशी युरियाचा ट्रक आलेला.

ज्यांचा वावराशी संबंध सातबाऱ्यापुरता उरला आहे त्यांना सांगतो. पाऊस पडून उघडीप मिळाली की सगळ्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, एकाच आठवड्यात युरिया लागतो, आणि नेमका त्याच आठवड्यात तो नसतो. मग लोक पहाटे पाचला येऊन नंबर लावतात. स्वतः कुठवर उभे राहणार? म्हणून चपला लावून ठेवतात. एकामागं एक चपला, मधे एखादा दगड, एखादी पिशवी, एक रिकामी पाण्याची बाटली. मालक शेजारच्या निंबाखाली बसलेले. पावसानं झालेल्या चिखलात ती चपलांची रांग मला दिसली नाही. माझा दोष आहे, मान्य. पण अडीच टनांची गाडी चालवताना माणूस खड्डा पाहील की चप्पल?

निंबाखालून एक म्हातारा उठला. धोतर, डोक्याला दुपट्टा, खिशात आधार कार्डाची प्लास्टिकमधली झेरॉक्स. लोक त्याला आबाजी म्हणत होते. तो सावकाश गाडीभोवती फिरला, वाकून खाली पाहिलं, आणि काचेवर टकटक केली.

"साहेब, तुमची गाडी एकोनतीस नंबरवर उभी हाय."

"म्हणजे?"

"एकोनतीस ते चौतीस. मागच्या चाकाखाली माही चप्पल हाय. माया नंबर एकतीस."

"आबाजी, काढतो लगेच. गाडी सुरू होत नाही आहे."

"काहून?"

आता इथं मी काय बोलावं? सेन्सर म्हणता आलं असतं, बॅटरी म्हणता आलं असतं. शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्याची खोड. मी खरं सांगितलं.

"गाडीतला युरिया संपला."

निंबाखालचे सगळे उभे राहिले.

"काय संपला म्हने?"

"युरिया संपला म्हनते गाडीतला."

"गाडीत युरिया होता?"

"म्हंजे हेच लोकं नेतात बे! म्हून म्या म्हनलं, माल जाते कुठं!"

मागच्या सीटवर साडभाऊंनी काच वर केली. त्यांचे बूट पांढरे होते.

मी समजावू लागलो. या गाडीत डिझेलची टाकी वेगळी आणि युरियाच्या पाण्याची टाकी वेगळी. शंभर भागांत साडेबत्तीस भाग युरिया, बाकी शुद्ध पाणी. धूर बाहेर जायच्या आधी त्यात हे पाणी फवारतात, उष्णतेनं त्याचा अमोनिया होतो, आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि वाफ होते. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा हा गाड्यांच्या धुराचा नियम आला, तेव्हापासून ट्रकलाही हेच लागतं. फळा असता तर समीकरणही लिहिलं असतं. आबाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजे गाडी धूर फवारते."

"धुरावर फवारते."

"अन् फवारा सरला तं चालतच नाई?"

"नाही."

"डिझेल हाय?"

"फुल्ल आहे."

"इंजन चांगलं हाय?"

"एकदम."

"मंग अळलं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. इंजिन ठणठणीत, डिझेल काठोकाठ, टायर नवे, आणि गाडी जागची हलत नाही. गाडी बिघडली असती तर कमीपणा वाटला नसता. ही बिघडली नव्हती. हिनं नकार दिला होता.

आबाजींनी उपाय सुचवला. "हे पाहा, माया नंबर आला का एक पोतं तुमी घ्या. पान्यात घोळा, टाका टाकीत. मी निघतो, तुमी निघा."

"तो चालत नाही, आबाजी. शेतीच्या युरियाला निंबाचं तेल लावलेलं असतं. 2015 पासून सगळ्याच."

"निंबाचं तेल तं चांगलं असते. पोट साफ होते."

"गाडीचं पोट बिघडते त्यानं."

"नाजूक हाय तुमची गाडी," आबाजी म्हणाले, आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

गर्दीतल्या एका पोट्ट्याला शाळेतलं काहीतरी आठवलं. "मास्तर, युरिया तं लघवीत असते ना?" पुढं काय सूचना आली ती इथं छापण्यासारखी नाही, पण तीन जण तयार होते. साडभाऊंनी आतून दरवाजे लॉक केले. त्या पोट्ट्याला मी सांगितलं की लघवीत जेमतेम दोन टक्के युरिया असतो आणि बाकीच्या क्षारांनी यंत्र कायमचं बसेल. सांगताना लक्षात आलं की एवढ्या तन्मयतेनं माझा तास वर्गात कधीच कोणी ऐकला नाही.

गंमत पाहा, हा सगळा जर्मनांचाच पसारा आहे. 1828 साली फ्रीडरिश व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पहिल्यांदा प्रयोगशाळेत युरिया केला आणि आपल्या गुरूला आनंदानं कळवलं की मला मूत्रपिंडाशिवाय युरिया करता येतो, मग ते माणसाचं असो की कुत्र्याचं. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायचा पहिला मोठा कारखाना 1913 मध्ये निघाला तोही जर्मनीत. डिझेल इंजिन ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो रुडॉल्फ डिझेलही जर्मन. गाडीतल्या या पाण्याचं ॲडब्लू हे नाव जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेच्या मालकीचं. म्हणजे इंजिन त्यांचं, युरिया त्यांचा, पाण्याचं नाव त्यांचं. चिखल तेवढा आमचा.

आता पडद्यावरच्या वाक्याबद्दल. ते काही अचानक आलं नव्हतं. साडभाऊ पुण्यातून निघाले तेव्हाच गाडी सांगत होती की टाकी भरा, अजून सातशे किलोमीटर, त्यानंतर एकदा बंद केलं की इंजिन सुरू होणार नाही. मग सहाशे, मग चारशे. गाडी दर वेळी टुंग करून सांगायची, साडभाऊ दर वेळी ओके दाबायचे. "कंपन्या थोडं मार्जिन ठेवतात हो. शून्य म्हणजे अगदी शून्य नसतं."

आपल्याकडं नसतंच. फटफटीचा काटा शून्यावर आला की ती पुढच्या गावापर्यंत जाते. तिथं ती आडवी करायची, टाकी हलवायची, अजून पाच किलोमीटर. सिलिंडर संपला की उलटा करून एक चहा होतो. टूथपेस्ट संपली की लाटण्याखाली आठवडाभर निघते. आपलं शून्य म्हणजे बोलणी सुरू करायची जागा. जर्मन शून्य म्हणजे शून्य. त्यांना कोणी सांगितलंच नाही की हा आकडा भारतातून गेला आहे आणि तो वापरायची आमची पद्धत निराळी आहे.

यात एक खोच आहे. सुरू न होण्याचा हा हट्ट कंपनीचा नाही, नियमाचा आहे. टाकी रिकामी ठेवून धूर सोडत कोणी फिरू नये म्हणून तसं करावंच लागतं. आणि नियमवाल्यांचा संशय काही खोटा नव्हता. 2015 साली अमेरिकेत फोक्सवागन पकडली गेली. तपासणी चालू असली की धूर स्वच्छ, रस्त्यावर लागली की धूर मोकळा, असं सॉफ्टवेअर त्यांनी जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत बसवलेलं निघालं. साडभाऊंची गाडी त्या भानगडीतली नाही. पण एकाची कॉपी सापडली की सगळ्या वर्गावरचा संशय पक्का होतो, हे मास्तरला सांगायला नको.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. गाडी उचलून न्यावी लागेल, उचलणारं वाहन उद्या दुपारी निघेल, तोवर गाडी सुरक्षित ठिकाणी लावून ठेवा. मी म्हटलं, बाई, गाडी युरियाच्या रांगेत एकोणतिसावी आहे. ती म्हणाली, "धन्यवाद सर, मी नोंद केली आहे."

शेवटी एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, पेट्रोलपंपावर बादली मिळते, आम्ही तीच टाकतो. तो लघवीवाला पोट्टाच फटफटीवर दारव्ह्याला गेला. जाताना पेट्रोलचे दोनशे घेतले, आणि त्याआधी चपलांच्या रांगेत उभ्या गाडीचा फोटो काढला. खाली लिहिलं, 'जर्मनीले बी युरिया भेटेना.' तो फोटो दिग्रसला आमच्या दोन तास आधी पोचला. सोयरिकीचं काय झालं ते विचारू नका.

दीड तास निंबाखाली बसलो. आबाजींनी तंबाखू मळत शकुंतलेचा विषय काढला. यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर. आमची छोटी आगगाडी. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं आणि 1994 पर्यंत धावलं. "कोयसा टाका, पानी टाका, चालली," आबाजी म्हणाले. "तिनं कधी मले विचारलं नाई, धुराचं काय करतं म्हून." मी म्हटलं, धूर तुमच्या छातीत जात होता. ते म्हणाले, "जाये. पन मी घरी जाये."

तर जर्मन गाडी भरवशाची नाही म्हणतात ते खरं का? अमेरिकेतल्या ग्राहक-सर्वेक्षणांत टोयोटा आणि लेक्सस वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतात, हे खरं. जर्मन गाड्यांत सेन्सर जास्त, कॉम्प्युटर जास्त, इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतसुद्धा प्लास्टिक, आणि एकाला शिंक आली की दुसरा दिवा लावतो, हेही खरं. धुराची काजळी धरणारी जाळी असते ती सडकेवर सलग वेगानं पळाल्याशिवाय स्वतःला जाळून साफ करत नाही. आमच्याकडं सलग वेग फक्त आमदाराच्या ताफ्याला मिळतो. पण त्या दिवशीचा निकाल द्यायचा तर गाडीनं सातशे किलोमीटर आधी सांगितलं आणि सांगितल्या शब्दाला जागली. इतकी शब्दाची पक्की वस्तू माझ्या सासुरवाडीत दुसरी नाही. तरी मला तिचा राग आहे. भरवशाचं म्हणजे अडल्यावेळी थोडं खोटं बोलून निभावून नेणारं, अशी माझी व्याख्या आहे. या व्याख्येत शकुंतला बसते, माझी जुनी स्कूटर बसते, ही बसत नाही.

तेवढ्यात रांग सरकू लागली. म्हणजे चपला तिथंच, माणसं दारात. आत मशीनवर अंगठा लावायचा, मग पोतं. पंचेचाळीस किलो, छापील किंमत 266 रुपये 50 पैसे. पण पोत्यासोबत एक बाटली घ्यावीच लागत होती, कशाची ते दुकानदारालाही नीट सांगता येईना. बाटली नको तर पोतंही नाही. कोणी भांडलं नाही. भांडायला वेळ कोणाला आहे? आबाजींचा नंबर आला. मशीननं त्यांचा अंगठा घेतला नाही. धोतराला पुसून लावला, थुंकी लावून लावला, मग एकेक करून दहाही बोटं. डवऱ्याचं रुमणं धरून धरून रेषाच उरल्या नव्हत्या. "नंतर या आबाजी, मशीन थंडी होऊ द्या," दुकानदार म्हणाला. नंतर म्हणजे पाऊण तासानं पाटी लागली, माल संपला. ते पाहून माझ्या गाडीची कटकट मलाच ओशाळवाणी वाटली, आणि ओशाळं वाटायला लावल्याबद्दल गाडीचा पुन्हा राग आला.

बादली आली. वीस लिटर. त्यातलं निम्मं मी टाकीत ओतलं, थोडं बुटावर सांडलं (माझ्या, दुर्दैवानं). बटण दाबलं. पडदा विचारात पडला. आबाजी म्हणाले, "घाई नका करू, पोटात उतरू द्या." पाचेक मिनिटांनी गाडी सुरू झाली, काहीच घडलं नसल्यासारखी. पुढं घेतल्यावर चिखलातून आबाजींची चप्पल निघाली. पापडासारखी झाली होती. साडभाऊंनी काच चार बोटं खाली करून पन्नासची नोट बाहेर धरली. आबाजींनी ती पाहिलीच नाही. ते बादलीकडं पाहत होते.

"मास्तर, याच्यात युरिया किती म्हनले?"

मी हिशोब केला. अख्ख्या बादलीत सात किलो, म्हणजे उरलेल्या दहा लिटरमध्ये साडेतीन.

"निंबाचं तेल?"

"अजिबात नाही."

"पऱ्हाटीवर दोन टक्क्याचा फवारा सांगते ना कृषीवाला. पंधरा लिटरच्या पंपाले किती टाकू यातलं?"

तीनशे ग्रॅम युरिया लागेल, म्हणजे साडेआठशे मिलिलिटरच्या आसपास. मी सांगितलं, त्यांनी बोटांवर मोजलं. अकरा पंप. साडभाऊ आतून म्हणाले, "अहो दादा, ती बादली आपल्याला पुण्यापर्यंत लागेल." मी ऐकलं नाही.

आबाजींनी बादली सायकलच्या कॅरिअरला दुपट्ट्यानं बांधली, झाकण दाबून पाहिलं, आणि उजवा अंगठा माझ्यापुढं धरला.

"लावा लागन का कुठं?"