‘मशीन ब्रँडेड असलं की लावणारा कोणीही चालतो’ म्हणे!

उन्हाळा तोंडावर आला की दुकानदारांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: ‘एसी ब्रँडेड घ्या, 100 चौरस फुटाला 1 टन धरा, तीन कोटेशन मागवा आणि सगळ्यात स्वस्त कॉन्ट्रॅक्टरला काम द्या. लावायचंच तर आहे! पुढे दरवर्षी गॅस भरला की झालं.’ पुण्यात ऑफिसं-दुकानांच्या एसीची कामं करतो, तेव्हा माझा स्वार्थ आहेच. तरीही बोलतो.

‘लावायचंच तर आहे.’ स्प्लिट असो की व्हीआरएफ (बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिटं), कारखान्यातून मशीन अर्धंच येतं. उरलेलं साइटवर बनतं. मागे एका दुकानाची तांब्याची लाइन कापली, तर नळी आतून काळीकुट्ट. जोड ब्रेझ करताना, म्हणजे तापवून धातू वितळवून सांधताना, आतून नायट्रोजन सोडला नव्हता, म्हणून तांबं हवेने काळं पडलं. ती खपली सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि शिव्या कंपनीला बसतात. मग व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा आणि ओल ओढून काढणं. पंप लावून गेज 500 मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली न्यायचं, थांबायचं, काटा चढत नाही ना बघायचं. घाईतला माणूस पंप टेम्पोतच ठेवतो आणि जरासा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो. आत राहिलेल्या ओलीने तेल आंबतं, आम्ल होतं, कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जातं. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला पहिला प्रश्न ‘किती वर्षं धंद्यात?’ हा नको. नायट्रोजनचा सिलिंडर आणि मायक्रॉन गेज दाखव म्हणा.

‘दरवर्षी गॅस.’ गॅस काही पेट्रोल नाही, जळत नाही. बंद लाइनीत तोच फिरतो. कमी झाला म्हणजे गळती. बहुतेकदा नळी मशीनला जोडणाऱ्या फ्लेअर नटापाशी तेलकट डाग दिसतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. गळती न शोधता गॅस भरणारा पुढच्या मार्चचं गिऱ्हाईक बांधून जातो.

‘100 फुटाला 1 टन.’ 450 चौरस फुटांच्या क्लासात 60 मुलं बसवा. बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो, म्हणजे 6 किलोवॅट. 1 टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता ओढायची ताकद. पावणेदोन टन मुलांनीच खाल्ले. वरचा तापलेला स्लॅब, पश्चिमेची काच, बाहेरची ताजी हवा अजून मोजायचीच आहे. तेवढ्याच जागेच्या गोडाऊनला हा हिशेब लागू नाही. जागेवर न येता फोनवर टनेज सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

तीन कोटेशन मागवा, हे मात्र बरोबर. फक्त तिघांना एकच यादी द्या: तांब्याच्या नळीची जाडी, इन्सुलेशन, डक्टच्या (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्याच्या) पत्र्याची जाडी, ड्रेन, केबल. स्वस्त कोटेशनात ‘पायपिंग ॲक्च्युअल’, म्हणजे नळी लागेल तितके पैसे वेगळे, असं बारीक अक्षरात असतं, आणि तिथेच वाचलेले पैसे परत जातात.

आमच्या एका क्लासवाल्या सरांनी करारात ओळ घातली: बिलाचे शेवटचे 10 टक्के मे महिन्यात, दुपारी तीनला, भरलेल्या वर्गात तापमान मोजून. सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याने दुसऱ्या दिवसापासून फोन उचलला नाही.