पिंपळ लावा, मुंजा जगवा

वाघांसाठी मोहिमा निघतात, चिमण्यांचा दिवस साजरा होतो, भुतांचं मात्र कुणाला काही पडलेलं नाही. आमच्या तिठ्यावरच्या चिंचेवर पूर्वी तीन-तीन नांदायची. आता तिथे मोबाइलचा टॉवर आहे. देव आहे म्हटल्यावर भूतही असणारच, असं मानणारे तुम्ही सच्चे भाविक असाल तर ही जमात नामशेष होण्याआधी हातपाय हलवा. कसे, ते सांगतो. फी नाही, कोंबडा चालेल.

आधी वीज तोडून टाका. साठ वॉटच्या बल्बने जेवढी भुतं घालवली तेवढी पंचक्रोशीतल्या सगळ्या देवऋषींना मिळून जमली नाहीत. लोडशेडिंगचा काळ हा या क्षेत्राचा सुवर्णकाळ होता, पण त्याची कदर कुणी केली नाही. मग परसात पिंपळ लावा. त्याच्या पानाचा देठ लांब आणि बारीक, त्यामुळे आंबा-फणस गप्प असतात तेव्हाही हा एकटाच सळसळत राहतो. मुंज्याला आणखी काय हवं? माळ्यावर गव्हाणी घुबडाची सोय करा. रात्री दोन वाजता ते किंचाळलं की बीएस्सी झालेल्यालाही भीमरूपी तोंडपाठ असल्याचं आठवतं. आणि रानातून येताना बॅटरी नको. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना ढगाळ दिवशी जंगलात सरळ चालत राहायला सांगितलं, तर ती गोल फिरून आपलीच वाट ओलांडत राहिली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची समजूत. आपल्याकडे याला चकवा म्हणतात. त्याला संशोधक लागत नाहीत, एक आजोबा पुरतात.

खरी ओढाताण कच्च्या मालाची आहे. मुंजा हवा तर मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी जायला हवा. हडळ हवी तर बाई बाळंतपणात जायला हवी. आता 1977 साली देश देवीच्या रोगातून मुक्त जाहीर झाला आणि मुंज्यांची भरती बसली. महाराष्ट्रात 2018-20 या काळात लाख जन्मांमागे 33 मातामृत्यू नोंदले गेले. एवढ्याशा आवकेत गावोगाव हडळी पुरवायच्या कशा? तेव्हा लसी टाळा, बाळंतपणं घरीच उरका, सुईणीला विळा धुवायला सांगू नका. परंपरेसाठी एवढं तर केलंच पाहिजे.

पदांची वाटणी पूर्वीपासून ठरलेली आहे, तिला हात लावू नका. ब्रह्मसमंध व्हायला ब्राह्मण असावं लागतं. बलुतेदाराने कितीही तळमळून प्राण सोडला तरी ती जागा त्याला मिळत नाही. जी जात नाही ती जात, ती इथे मेल्यावरही जात नाही. खवीस मात्र अरबी ‘खबीस’वरून आलेला. म्हणजे परदेशी भुताला वशिला लागत नाही, गावच्या न्हाव्याला लागतो.

पुढची पायरी झाड निवडण्याची. अंगात येतं त्या माणसाला झाड म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. हे झाड कोवळं, परक्या गावाहून आणून लावलेलं आणि फार पाणी न घातलेलं असावं. थोडक्यात, सून. सावकाराला, सरपंचाला, मुकादमाला धरलेलं भूत मी अजून पाहिलेलं नाही. थोरल्या सुनेला क्वचित धरतं, धाकटीला हमखास.

भूत उतरवताना जरा सांभाळून. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत काढण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, सगळ्याला मनाई आहे. 6 महिने ते 7 वर्षं कैद. ही यादी सरकारने बसल्या जागी कल्पनेने रचली असेल असं वाटत असेल, तर एखाद्या जुन्या झाडाचा कान बघा, केसांखाली डाग असतो. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं सरकारचे उंबरे झिजवत होते. कुणीही खुशाल मंत्राने मूठ मारून दाखवावी, असं त्यांचं आव्हान होतंच. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात त्यांना मारलं, ते पिस्तुलाने. तेव्हा मुठीवर फार विसंबू नका, हा माझा प्रामाणिक सल्ला.

आमच्या घरचं भूत आदर्श होतं, म्हणून त्याचा नमुना देतो. धाकट्या काकीला धरायचं. दर वर्षी आषाढात, लावणी अर्ध्यावर आली की. गुडघाभर चिखलात दहा दिवस वाकलेली काकी एका संध्याकाळी केस सोडून माजघरात बसायची आणि घुमायला लागायची. एरवी सासऱ्यासमोर पदर ढळू न देणारी ही बाई आजोबांना ‘ए म्हाताऱ्या’ म्हणून हाक मारायची, आणि आजोबा हात जोडून उभे राहायचे! आजीच्या हातातलं तांब्याचं पाणी हिंदकळायचं. भूत नदीत बुडालेल्या कुणा बाईचं, असं देवऋषी सांगायचा. त्या बाईच्या मागण्या ठरलेल्या: तिखट कोंबडी, हिरवं लुगडं आणि झाडाला चार दिवस माहेरी धाडा. कोंबडी देवऋषी घेऊन जायचा. लुगडं आजी कपाटात ठेवायची. चार दिवस तेवढे काकीला मिळायचे, आणि परत यायची तेव्हा अंगावर भुताचा मागमूस नसायचा.

आता आजी-आजोबा नाहीत, शेत खंडाने दिलंय. परवा काकी तांदूळ निवडत बसली होती तेव्हा धीर करून विचारलं, ‘‘काकी, ती नदीतली बाई परत कधी आली नाही गं?’’

सुपातला खडा उचलून तिने अंगणात भिरकावला.

‘‘आता कशाला येतेय,’’ म्हणाली, ‘‘एष्टीला बायकांना हाफ तिकीट झालंय.’’