‘लाज कशी वाटत नाही?’ असं विचारणाऱ्या वाचकांना

चीनच्या प्रवासात शिजियाझुआंग शहरात डॉ. कोटणीसांच्या समाधीवर मी फुलं वाहिली, त्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी काल रात्रीपासून चारदा वाचली. विरोधी मताचं मला वावडं नाही. पण सुरुवातच अशी : “शत्रूच्या लष्करी दफनभूमीत फुलं वाहताना लाज कशी वाटत नाही?” समोरासमोर बसून हे वाक्य तुम्ही उच्चारलं असतं का? माझ्याहून वयानं लहान असाल तर नक्कीच नसतं, आणि मोठे असाल तर तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आधी माझी चूक. चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. नॉर्मन बेथून यांना मी अमेरिकन लिहिलं होतं, ते कॅनडाचे. दुरुस्ती केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ‘शत्रू’. त्या दफनभूमीत मी फुलं वाहिली ती द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर. सोलापूरचा मुलगा. १९३८ साली काँग्रेसनं जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, तेव्हा सुभाषबाबू अध्यक्ष होते. त्या पाचांतले कोटणीस परत आले नाहीत. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आघाडीवर जखमींच्या शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातल्या एका खेड्यात अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय बत्तीस. आजचं चिनी सरकार त्यानंतर सात वर्षांनी आलं, आणि बासष्टचं भारत-चीन युद्ध वीस वर्षांनी झालं. बासष्टचा हिशेब कोटणीसांच्या समाधीपाशी कसा मागता? तिथल्या पुतळ्यासमोर आधीच कुणीतरी फुलांचा गुच्छ ठेवून गेलं होतं. परक्या देशात आपल्या गावच्या माणसाच्या पायाशी ती फुलं पाहून मला रडू आलं, आणि ते लेखात लिहिल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

तुम्ही पुढे लिहिता, “बर्फात जीव दिलेल्यांच्या घरी जाऊन हे फोटो दाखवा.” दाखवले आहेत. ते घर आमचंच आहे. माझे सख्खे काका बासष्टला नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, सैन्यात होते. सेला खिंड आपल्या हातून सुटल्यावर भूतानच्या रानातून चालत परतले. हिमदंशानं उजव्या पायाची दोन बोटं गेली, बरोबरचे तिघे वाटेतच राहिले. आयुष्यभर ते चपलेत बोळा घालून चालले. मी सात-आठ वर्षांचा असताना सोलापुरात मला कोटणीसांचं घर दाखवायला बोट धरून घेऊन गेले ते हेच काका. “मोठा माणूस होता,” म्हणाले होते. चीनशी लढलेल्या माणसाला ते म्हणताना अडचण आली नाही. काकू अजून आहेत. समाधीचा फोटो त्यांनी माझ्या फोनवर मोठा करून पाहिला आणि हात जोडले. तुमच्या घरातलं कोण सीमेवर होतं, हे मी विचारत नाही. पण दुसऱ्याची देशभक्ती तोलण्याआधी ज्यानं त्यानं हा प्रश्न स्वतःला विचारावा.

राहिला बीजिंगजवळच्या वानफिंगमधल्या, जपानविरोधी युद्धाच्या संग्रहालयाचा मुद्दा : तिथं कम्युनिस्टांचंच कौतुक आहे, ७ जुलै १९३७ ला तिथल्याच लुगोऊ पुलावर जपान्यांशी लढलेलं सैन्य मात्र त्यांचं नव्हतंच, राष्ट्रवादी सरकारचं होतं, आणि हे मी लिहिलं नाही, असं तुमचं म्हणणं. असेल. मी प्रवासवर्णन लिहितो, प्रबंध नाही. पुलाच्या कठड्यांवरचे दगडी सिंह मी निवांत पाहिले, तेवढंच लिहिलं. नानजिंगच्या हत्याकांड-स्मारकाबद्दलच्या तुमच्या चार ओळींनाही इथे उत्तर देत बसत नाही.

बेथून यांच्याबद्दलच्या दुरुस्तीसाठी पुन्हा आभार. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘लाज’वालं वाक्य मात्र तुम्ही स्वतः मागे घ्यावं. माझ्यासाठी नको, काकूंसाठी. प्रतिक्रिया त्याही वाचतात.