‘मोठी बंदूक मागितली, लहान गळ्यात मारली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही आमच्या दुकानाला एक तारा दिलात आणि का दिलात तेही सविस्तर लिहिलंत. मराठीत लिहिलंत म्हणून मीही मराठीतच उत्तर देते. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात टर्कीच्या शिकारीला पहिल्यांदाच निघालेली आपली आणखी मंडळी हे वाचत असणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साडेतीन इंची काडतुसाची बारा बोअर मागितली तरी आम्ही वीस गेजची ‘पोरांची बंदूक’ गळ्यात मारली (बोअर आणि गेज एकच, आकडा लहान तितकी नळी रुंद). काडतुसं महाग विकली. साठ यार्डांवरचा नर त्यामुळेच सुटला. बंदूक परत घ्यायला आम्ही नकार दिला. आणि बंदूक दाखवण्याआधीच शिकारीचा परवाना मागून तुमचा अपमान केला.

साठ यार्डांपासूनच सुरू करते, कारण सगळं तिथेच अडलंय. तुमची बंदूक आम्ही दुकानामागच्या मैदानात चाळीस यार्डांवर कागद लावून, तुमच्याच हातून झाडून बघितली होती. टर्कीच्या शिकाऱ्यांचा जुना दंडक आहे की दहा इंची वर्तुळात किमान शंभर छर्रे बसले पाहिजेत. जिथे ते बसेनासे होतात, तिथे त्या बंदुकीची हद्द संपते. चाळीसवर तुमचे शंभराच्या वर बसले. त्या कागदावर मी ‘४० यार्ड, पुढे नाही’ असं लिहून तो तुम्हाला दाखवला होता. पुढच्या वीस यार्डांत छर्रे पांगत जातात, वेगही गमावतात. टर्कीवर नेम डोक्यामानेचा धरायचा असतो आणि त्यात मर्माची जागा, म्हणजे मेंदू आणि मानेचा कणा, अगदी अरुंद. अंगावर दाट पिसं आणि छातीचं जाड मांस. तिथे लागलेल्या छर्ऱ्यांनी पक्षी बहुधा जागेवर पडत नाही, ते घेऊन उडतो आणि दूर कुठेतरी कुढत मरतो किंवा कायोटीच्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराच्या, तोंडी जातो. तुम्ही ‘सुटला’ लिहिलंय. तो कोरा सुटला असेल अशी मी मनापासून आशा करते.

बारा बोअर असती तर पडला असता का? त्या अंतरावर, तुम्ही मागत होतात त्या शिशाच्या काडतुसाने, याची मी हमी दिली नसती. बारा आणि वीस हा फरक नळीच्या रुंदीचा आहे: बाराची साधारण साडेअठरा मिलिमीटर, वीसची साडेपंधराच्या थोडी वर. रुंद नळीतून जास्त छर्रे जातात, पण एकेक छर्रा काही जास्त जोराने जात नाही. एकाच मापाचा छर्रा सारख्या वेगाने निघाला, तर तो कुठल्या नळीतून आला याने पक्ष्याला काहीच फरक पडत नाही. मग प्रश्न उरतो तो संख्येचा, आणि तो धातूने सोडवला आहे. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११ ग्रॅमच्या थोडी वर. टीएसएस म्हणतात त्या टंगस्टनच्या छर्ऱ्याची १८ च्या आसपास. त्यामुळे दोन मिलिमीटरचा ९ नंबरचा टंगस्टन छर्रा, तीन मिलिमीटरच्या ५ नंबरच्या शिशाच्या छर्ऱ्याइतका आत शिरतो. तुम्हाला दिलेल्या तीन इंची वीस गेजच्या काडतुसात दीड औंस, म्हणजे सुमारे साडेपाचशे छर्रे आहेत. तुम्ही बोट दाखवत होतात त्या बारा बोअरच्या काडतुसात ५ नंबरचं शिसं दोन औंस, म्हणजे साधारण ३४०. ज्या बंदुकीला तुम्ही लहान म्हणताय तिच्यातूनच जास्त छर्रे जातात.

हो, काडतूस महाग आहे. एकेक कित्येक डॉलरला पडतं. पण एका हंगामाला किती लागतात? मिझुरीत वसंतात दोनच दाढीवाले (छातीवर केसांसारखा झुपका असलेले, बहुतेक नर) पक्षी मारता येतात. थोडी काडतुसं कागदावर खर्चायची, थोडी रानात न्यायची. बंदुकीच्या नेमाचा आणि हाताचा सराव स्वस्त शिशाच्या काडतुसांवर होतो, तसं तुम्हाला सांगितलंही होतं.

तुम्ही आजोबांच्या बारा बोअरबद्दल जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे, आणि तिच्याबद्दलचा जिव्हाळा मला समजतो. पण ती बंदूक रानडुकरासाठी होती. एलजीचं काडतूस, त्यात मोजके जाड छर्रे, आणि जनावर जवळ. इथे टर्कीवर ४ नंबरहून जाड (नंबर लहान तितका छर्रा जाड) छर्रा वापरणं नियमाविरुद्ध आहे, आणि नळीत व मॅगझिनमध्ये मिळून तीनच काडतुसं ठेवता येतात. काम वेगळं म्हणून हत्यार वेगळं.

आता बंदूक झाडताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याबद्दल, कारण वीस गेज देण्याचं खरं कारण हेच होतं. तुम्ही ती साडेतीन इंचीवाली खांद्याला लावलीत तेव्हा दस्ता तुम्हाला लांब पडत होता. गाल दस्त्यावर टेकत नव्हता, मान वर येत होती. मान वर आली की छर्रे डोक्यावरून जातात, आणि समोर नर पिसारा फुलवून उभा असला की तो नीट दिसावा म्हणून भल्याभल्यांची मान वर येते. त्यात दोन औंसांच्या काडतुसाचा धक्का हलक्या बंदुकीत मोठ्या जनावरांच्या पुष्कळ रायफलींपेक्षा जबर बसतो. एकदा बसला की माणूस पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच अंग चोरतो. अशा धास्तीने पहिलाच हंगाम बिघडलेले शिकारी मी दुकानात बघत आले आहे. वीस गेजवर तुमचा गाल बसला, म्हणून ती दिली. उद्या तुमच्या मापाचं दुसरं कुणी आलं तर मी हेच करीन. उंचापुऱ्या, सराव असलेल्या माणसाला मी बारा बोअरच देते, तीही तीन इंची.

परवान्याबद्दल. तुमच्या कागदपत्रांची चर्चा मी इथे करणार नाही, फक्त कायदा सांगते, कारण आपल्याकडच्या अनेकांना तो माहीत नसतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही. त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा म्हणजे चालू मुदतीचा शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. मिझुरीत १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी सहसा शिकारीचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. म्हणून क्रम असा: आधी तो वर्ग, मग परवाना, मग बंदूक. हे न विचारता विकलं तर माझं लायसन्स जाईल, आणि घेणाऱ्याचं त्याहून जास्त जाईल. मी विचारलं ते तुमच्यासाठीही.

बंदूक परत घेण्याचं: कागद होऊन ताब्यात गेलेली, झाडलेली बंदूक जुनी ठरते. जुन्याच्या भावाने घ्यायची तयारी मी दाखवली होती. ती आजही आहे.

एका गोष्टीने मात्र मला तुमच्या ताऱ्यापेक्षा जास्त काळजी वाटली. तुम्ही टाकलेल्या फोटोत अंगात निळं जाकीट आहे, आत पांढरा टीशर्ट, आणि नराची साद आली तिकडे झाडीतून सरकत गेलो असं लिहिलंय. कृपा करून असं पुन्हा करू नका. वसंतात नराचं डोकं लाल, पांढरं, निळं दिसतं, आणि तुम्ही ऐकलेली साद दुसऱ्या शिकाऱ्याची असू शकते. झाडीत ते रंग हलताना दिसले तर तो तुम्हालाच नर समजेल. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लावून बसा, पक्ष्याला येऊ द्या. बसल्याबसल्या आजूबाजूची दोन-तीन झाडं चाळीस यार्डांची म्हणून ठरवून ठेवा. तो त्या झाडांच्या आत आला तरच चाप.

मी एवढं लावून धरते त्याला कारण आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सबंध मिझुरीत अडीच हजारही टर्की उरल्या नव्हत्या. १९५४ पासून वनविभागाने पक्षी पकडून एका रानातून दुसऱ्या रानात सोडले, तेव्हा कुठे १९६० मध्ये वसंताची शिकार पुन्हा सुरू झाली. तुम्ही घेतलेल्या बंदुकीवर आणि महागड्या काडतुसांवरही उत्पादकाने भरलेला ११ टक्के केंद्रीय कर आहे. १९३७ च्या कायद्याने तो राज्यांच्या वन्यजीवांच्या कामाला जातो. इतक्यांनी राखलेला पक्षी साठ यार्डांवरून जखमी करून सोडायचा, हे मला बघवत नाही.

हंगाम अजून उरला आहे. शनिवारी सकाळी बंदूक घेऊन या, मैदानाचे पैसे घेणार नाही. तीस, चाळीस आणि पन्नास यार्डांवर कागद लावू आणि काय बसतं ते तुम्हीच मोजा. घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी बसवायची, छर्रे एकवट ठेवणारी अरुंद नळी) लावून फरक पडतो का तेही बघू, दुकानातले दोन-तीन चोक आहेत. काडतुसं उरलेलीच आणा, नवी घेऊ नका.